तेलाचा ब्रेक

सायकल घ्यायची ठरली तेव्हा रंग मी पाच मिनिटांत निवडला. फ्रेमचं माप दुकानातल्या मुलाने माझ्या तंगड्या मोजून सांगितलं. ब्रेक ठरवायला मात्र चार महिने गेले. पन्नाशीत रोडबाइक घेणाऱ्या माणसाला वेगाची स्वप्नं पडत असतील असं लोकांना वाटतं. मला वेळेत न थांबल्याची पडायची.

याचं मूळ अप्पांच्या बावीस इंची काळ्या सायकलीत आहे. तिला दांड्यांचे ब्रेक होते. हँडलखालची दांडी ओढली की ती दुसरीला ओढायची, दुसरी तिसरीला, आणि शेवटी दोन रबरं आतल्या बाजूने रिमवर येऊन टेकायची. टेबलावरून टेबलावर अर्ज जावा तसा हा प्रवास. उन्हाळ्यात अर्ज मंजूर व्हायचा, पावसाळ्यात प्रलंबित राहायचा. तेव्हा खरा ब्रेक म्हणजे पायातली चप्पल. माझी उजवी चप्पल डावीच्या दोन महिने आधी झिजायची आणि दुकानदार एकटी उजवी देत नाही यावरून अप्पा मलाच रागवायचे.

त्यामुळे दुकानातल्या मुलाने ‘रिम, मेकॅनिकल डिस्क की हायड्रॉलिक?’ असं विचारलं, तेव्हा मी स्टूल ओढून बसलो. रिम ब्रेकमध्ये तार चिमटा आवळते आणि रबरं रिमला दोन्हीकडून धरतात. मेकॅनिकल डिस्कमध्येही तारच, फक्त धरायची ती चाकाच्या मध्यावरची पोलादी चकती. यातल्या बऱ्याच ब्रेकांत एकच पॅड सरकतो, तो चकतीला ढकलत दुसऱ्यापर्यंत नेतो. दुसरा जागचा हलत नाही. अशी घरं माझ्या माहितीची आहेत. हायड्रॉलिकमध्ये तारेच्या जागी तेल असतं. लिव्हर दाबली की तेल दोन्ही बाजूंचे पिस्टन सारखेच पुढे ढकलतं, आणि पॅड झिजले की पिस्टन आपण होऊन तेवढे पुढे येऊन बसतात. चकती १४० मिलिमीटरची किंवा १६०ची. अर्धाएक किलो वजन वाढतं. ‘काका, तुमच्या बाबतीत अर्धा किलोने काय होतंय,’ असं तो मुलगा माझ्या पोटाकडे बघून म्हणाला. विक्रेता म्हणून त्याचं शिक्षण अजून बाकी होतं.

घरी भाच्याने निकाल दिला, ‘मामा, रिम ब्रेक म्हणजे लँडलाइन.’ मी वाचायला बसलो तर खुद्द शर्यतवाल्यांतच आमच्या सोसायटीच्या सभेसारखी भांडणं झालेली. २०१६च्या पॅरिस-रूबे शर्यतीत फ्रान व्हेंतोसोचा पाय फाटला. दुसऱ्याच्या चकतीने कापला, असं त्याचं म्हणणं. आंतरराष्ट्रीय संघटनेने डिस्कची चाचणीच थांबवली, पुढच्या वर्षी पुन्हा सुरू केली आणि २०१८मध्ये कायमची परवानगी दिली. तरीही २०२०ची टूर द फ्रान्स जिंकणारा तादेय पोगाचार रिम ब्रेकवर होता. हे मी भाच्याला ऐकवलं. तो म्हणाला, ‘मामा, तो पोगाचार आहे.’

मग कोपऱ्यावरच्या सायकलवाल्या काकांकडे गेलो. चाळीस वर्षं ते फुटपाथवर बसून पंक्चर काढतात, आउट काढतात आणि मत देतात. पहिल्या दोन कामांचेच पैसे घेतात. त्यांनी एका टायरवर छापलेला ६२२ हा आकडा अंगठ्याने पुसून दाखवला. ‘ही बघा, सहाशे बावीसची डिस्क तुमच्या चाकाला कंपनीनेच दिलीय. तिच्या आत आणखी वाटीएवढी डिस्क कशाला?’ बिनतोड. चकती लहान म्हणून ती जास्त जोराने आवळावी लागते, आणि तेवढा जोर आणायला तेल. ‘तेल?’ काका उठून उभे राहिले. ‘साहेब, पोरांना चाळीस वर्षं हेच शिकवलं, की ब्रेकला तेलाचा हात लागू द्यायचा नाही!’

मी जवळजवळ रिमवर शिक्कामोर्तब केलं होतं. पण जुलैत मित्राची रिम ब्रेकवाली सायकल घेऊन बोपदेव घाट चढलो, आणि उतरताना सासवडच्या बाजूने आलेल्या पावसाने गाठलं. पहिल्या वळणाआधी दोन्ही ब्रेक दाबले. रबरांनी आधी रिमवरचं पाणी पुसून काढलं, निवांत, पाहुणे येणार म्हणून ओटा पुसावा तसं. चाकाचा एखाददुसरा फेरा त्यातच गेला. पकड आली खरी, पण तोवर मी कठड्यावरचं कोण कोणावर प्रेम करतं ते सगळं वाचलं होतं. खाली येऊन पाहिलं तर रिमवर काळा लगदा. रबराचा, रस्त्याचा आणि थोडा रिमच्याच ॲल्युमिनियमचा. म्हणजे हा ब्रेक दर पावसात चाकच थोडं थोडं खात होता. माझा उजवा पाय नकळत चप्पल शोधत होता.

हायड्रॉलिक घेतली. नवे पॅड चकतीवर बसावेत म्हणून वेग घ्यायचा, ब्रेक दाबायचा, पुन्हा वेग घ्यायचा, असं वीसेक वेळा करायला सांगितलं होतं. ते मी सोसायटीच्या पार्किंगमध्ये केलं. पंधराव्या वेळी वॉचमनने विचारलं, ‘साहेब, काही पडलंय का?’

ब्रेक अप्रतिम. एका बोटाने सायकल थांबते. आल्यागेल्याला मी सांगत सुटलो, ‘तेलावर चालतो!’ पावसानंतर तो जरा किंचाळायचा, पण तो पाण्यापुरता, चार ब्रेक मारले की गप्प.

दसऱ्याला आईने सायकलची पूजा केली. हँडलला झेंडूचा हार, सीटवर आपट्याची पानं, फ्रेमवर हळदकुंकू. मी नमस्कार केला आणि सोनं लुटायला म्हणून निघालो. गेटपाशी उतारावर ब्रेक दाबला. सायकलने आधी हंबरडा फोडला आणि मग न थांबता मला थेट मुख्य रस्त्यावर नेलं. रिक्षावाल्याने मला चुकवून माझ्या पूर्वजांची आठवण काढली, सणाचा दिवस असूनही.

परत येऊन वाकून पाहिलं. दोन्ही चकत्या लखलखत होत्या. एकेका भोकात कापसाच्या बोळ्याने, निगुतीने, खोबरेल तेल घातलेलं.

‘किंचाळत होता ना तुझा ब्रेक,’ आई म्हणाली. ‘दाराची बिजागरी कुरकुरली की काय करतोस? आणि तेलावर चालतो असं तूच सांगत होतास जगाला.’

पॅड तेल प्यायले होते, ते फेकावेच लागले. चकत्या स्पिरिटने पुसून निघाल्या. दुकानातला तोच मुलगा वहीत लिहून घेत होता. ‘चेनचं तेल उडालं का? की कुणी स्प्रे मारला?’ मी झालं ते सांगितलं. तो हसला नाही. ‘कारण’ या रकान्यावर पेन धरून क्षणभर थांबला आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं : दसरा.