घरबसल्या व्याख्याते व्हा

मार्च २०२० मध्ये लोकल थांबली आणि ठाणे-कल्याण पट्ट्यातली व्याख्यानं घराघरांत शिरली. लोकल पुन्हा सुरू झाली, पण व्याख्यानं काही पुरती बाहेर पडायला तयार नाहीत. सभागृहाचं भाडं वाचतं, चहाही ज्याने त्याने आपापला करायचा असतो. तेव्हा प्रत्येक डोंबिवलीकरावर कधी ना कधी ही वेळ येणार, हे धरून चालावं.

आधी आसनव्यवस्था. कॅमेरा डोळ्यांच्या रेषेत हवा, नाहीतर श्रोत्यांना वक्त्याच्या नाकपुड्या आणि वरचा पंखा एवढंच दर्शन घडतं. लॅपटॉप उंच करायला मराठी विश्वकोशाचे दोन खंड घ्यावेत. तर्कतीर्थांनी एवढा प्रकल्प कशासाठी हाती घेतला, याचा उलगडा पुष्कळ घरांत तेव्हाच होतो. उजेड समोरून यावा. इंटरनेटची वायर थेट लॅपटॉपला जोडावी.

कुकरशी मात्र वाद घालू नये. ‘तासभर लावू नकोस’ असं म्हणणारे वक्ते नंतर उपाशी झोपल्याचं ऐकिवात आहे. कुकर कधी लागणार ते विचारून भाषणात विरामाच्या जागा ठेवाव्यात. तिसऱ्या शिट्टीनंतरच्या शांततेत जे वाक्य येतं, ते फार खोल वाटतं. बनियनवर वावरणाऱ्या बाबांना कॅमेऱ्याची हद्द खडूने आखून द्यावी.

आत्मविश्वास डोंबिवलीकराला शिकवावा लागत नाही. लोकलमध्ये चौथ्या सीटसाठी ‘जरा सरका’ म्हणताना जो सूर लागतो, तोच माइकसमोर लावावा. त्यात विनंती नसते, हुकूमही नसतो, आणि लोक सरकतात.

यूट्यूबवर थेट प्रक्षेपण काही सेकंद मागे धावतं, हे विसरू नये. तुम्ही विचारता, “ऐकू येतंय का?” उत्तर येत नाही म्हणून विषयाला हात घालता, “मंडळी, आपण खरंच इतके आळशी झालो आहोत का?” आणि खाली धडाधड ‘हो’, ‘हो सर’, ‘स्पष्ट’, ‘नमस्कार, नौपाडा’. खचू नये.

आता खरा शत्रू. झूमची फुकटातली सभा ४० मिनिटांत आपोआप बंद होते. तेवढ्यात समईच्या चित्राचं दीपप्रज्वलन, शारदास्तवन (गायिका म्यूटवर, म्हणून दोनदा), स्वागत आणि प्रास्ताविक बसवायचं असतं. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं, कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४ चं. अशा गावांत प्रास्ताविक एकोणिसाव्या शतकाच्या अलीकडे सुरूच होत नाही. मग पाहुण्यांचा परिचय: तो तुम्हीच लिहून पाठवलेला असतो, त्यामुळे मध्ये थांबवताही येत नाही.

उरलेल्या चार मिनिटांत प्रस्तावना करू नये. आधी निष्कर्ष सांगावा, मग जमेल तितकी कारणं. वाक्याच्या मध्येच पडदा काळा होईल. घाबरू नये, ग्रुपवर नवी लिंक येते. तीवर निम्मेच लोक पोहोचतात, पण ते जेवण आटोपून आलेले असतात. अध्यक्षांना पुन्हा म्यूट काढायचं बटण सापडण्याआधी बोलायला सुरुवात करावी.