आत्ताच तर बॅटरी टाकलीय!

आमची गाडी जुलै 2008 ची. ती काढून टाकायचं आमच्या घरात 2016 सालीच ठरलं. एकमताने ठरलं, आणि आमच्या घरात एकमताने ठरलेल्या गोष्टींचं जे होतं तेच याही ठरावाचं झालं.

अडचण अशी की, विकायची म्हटलं की तिच्यात नेमकं काहीतरी नवं निघतं. 2016 ला चारही टायर नवे होते. म्हटलं, ते तरी झिजू देत. टायर झिजेपर्यंत क्लचप्लेट गेली. आता साडेसहा हजारांची क्लचप्लेट परक्या माणसाच्या पायाखाली कशी घालायची? मग बॅटरी. मग रेडिएटर. गेली नऊ वर्षं ही गाडी पेट्रोलवर कमी आणि ‘आत्ताच तर’ या दोन शब्दांवर जास्त चालते आहे.

सरकारही माझ्याच बाजूचं निघालं. 2023 ला पंधरा वर्षं भरली, तेव्हा तिला आरटीओत उभी केली, नूतनीकरणाचे 5,000 रुपये आणि वर पर्यावरण कर भरला आणि पाच वर्षांचं आयुष्य मागून आणलं. (एप्रिल 2022 च्या आधी हेच काम 600 रुपयांत व्हायचं. पण आमच्या गाडीला वेळेवर म्हातारं व्हायलाही जमलं नाही.) आता पैसे मोजून घेतलेली वर्षं वापरायला नकोत? त्यात ती सुरक्षा नंबरप्लेट आली. 1 एप्रिल 2019 पूर्वीच्या प्रत्येक गाडीला सक्तीची, चारचाकीला 745 रुपये अधिक जीएसटी. मी पहिल्याच मुदतीत धावत जाऊन बसवली. नंतर मुदत इतक्यांदा वाढली की, न बसवणारे शेजारी मला अजून हसतात. आज आमच्या गाडीवर चकाकणारी तेवढी एकच वस्तू आहे. पोलिसाला संशय आलाच तर गाडी चोरीची असल्याचा येणार नाही, नंबरप्लेट चोरीची असल्याचा येईल.

अॅव्हरेज पडलंय, हे मी मिस्त्रींना सांगून पाहिलं. पूर्वी ते अशा वेळी प्लग काढून बघायचे. हल्ली बॉनेटसुद्धा न उघडता म्हणतात, “साहेब, इथेनॉल!” त्यांचं सगळंच काही चूक नाही. जुन्या धाटणीच्या चारचाकीचं अॅव्हरेज वीस टक्के इथेनॉलवर सहा-सात टक्क्यांनी उतरेल, असं नीती आयोगाच्या 2021 च्या अहवालातच लिहिलेलं आहे. पण मागच्या दरवाज्याची कडी अडकते तीही इथेनॉलनेच, हे मला जरा जड जातं. आमचे साडू कोल्हापूरकडे ऊस लावतात. टाकी फुल्ल केली की मी त्यांना मुद्दाम फोन करतो. घरातल्या घरात एखादा माणूस तरी सुखी असावा.

अशात 22 सप्टेंबर 2025 ला, ऐन घटस्थापनेला, छोट्या गाड्यांवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला. सौ. म्हणाल्या, “अहो, देवीनेच सांगितलं म्हणा!” मुंबईतल्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीसुद्धा ऑक्टोबर 2023 मध्ये संपल्या, तुम्ही कसले अडून बसलाय, असंही त्या म्हणाल्या. मी म्हणालो, त्यांना वीस वर्षांचा कायदा होता म्हणून सुटका झाली. मला कायदा कुठे आहे?

गेलो शोरूमला. जुन्या गाडीची किंमत काढायला तिशीच्या आतला एक मुलगा आला. त्याच्या हातात रंगाची जाडी मोजायचं यंत्र होतं. ते तो दरवाज्यांवर डॉक्टरसारखं टेकवत फिरला आणि प्रत्येक ठिकाणी “हं” म्हणाला. डिकीतला मॅट उचलला, परत ठेवला. मग डाव्या मागच्या काचेपाशी थांबला. ही काच आपली आपण वर राहत नाही. तिच्या फटीत एका भाच्याच्या लग्नाची पत्रिका चौघडी करून खोचलेली आहे. कचरा समजून त्याने ती उपसली. काच धप्पकन आत गेली. पत्रिका उलगडून त्याने वाचली, तारीख 2014 ची होती. मला वाटतं, किंमत तिथेच ठरली.

“अडतीस हजार, काका. नव्याच उतरल्या ना, त्यामुळे जुन्यांचं मार्केट बसलंय. शिवाय पंचवीस हजार एक्सचेंज बोनस!”

“आणि ही दिलीच नाही तर?”

“मग पंचवीस कॅश डिस्काउंट देऊ ना!”

म्हणजे बोनस द्यायला त्यांना आमच्या गाडीची गरज नव्हती. आम्ही लागत होतो. पुढे त्याने कागदावर मॅट, मडफ्लॅप, सीट कव्हर, दरवाज्याच्या पट्ट्या असं लिहीत नेलं आणि बेरीज एकेचाळीस हजारांवर थांबवली. सतरा वर्षं आम्हा चौघांना वाहिलेली अख्खी गाडी देऊन नव्या गाडीची पायपुसणीसुद्धा पुरती येत नव्हती. तरी सौ. बुकिंगला तयार होत्या. मी “दोन दिवसांत कळवतो” म्हणालो आणि पत्रिका मागून घेतली.

परतताना सिग्नलला गाडी बंद पडली. मागे हॉर्नचा नुसता गजर. एका स्कूटरवाल्याने ढकलताना विचारलं, “काका, भंगारात का नाही देत?” मिस्त्री आले, पंप गेलाय म्हणाले. कशाने, ते मी विचारलं नाही. बिल 4,800 झालं आणि माझं पाकीट घरी होतं. सौ.नी न बोलता मोबाइल काढला, स्कॅन केलं, पैसे त्यांच्या खात्यातून गेले. घर येईपर्यंत त्या एक शब्द बोलल्या नाहीत.

तिसऱ्या दिवशी शोरूमचा फोन आला. मी अंघोळीला गेलो होतो, त्यामुळे त्यांनीच घेतला. दाराआडून मला स्पष्ट ऐकू आलं.

“नाही हो, सध्या नको. आत्ताच तर पंप टाकलाय.”