शॉडी

आमचे एक साहेब कुठल्याही फाइलवर ‘शॉडी’ एवढाच शेरा मारत. ‘चूक’ लिहिलं असतं तर भांडता आलं असतं. शॉडीशी भांडायचं कसं? गचाळ, भोंगळ, पाट्या टाकलेलं, वरून झकपक आणि आत भुसा, हे सगळं त्या दोन अक्षरांत बसतं. शेवटी सूड म्हणून मी या शब्दाची कुळकथा काढली. निघाल्या चिंध्या!

यॉर्कशायरातल्या बॅटली गावी 1813च्या सुमारास बेंजामिन लॉ नावाच्या गृहस्थाने जुने लोकरी कपडे फाडून, पिंजून, त्यात थोडी ताजी लोकर मिसळून पुन्हा सूत काढलं. त्या मालाचं नाव शॉडी. तेव्हा ते साधं नाम होतं, आसपासच्या गावांचं पोटपाणी होतं. (शिंप्याकडच्या कातरणांतून असाच माल निघे, त्याला ‘मुंगो’ म्हणत. तो शिवी होण्यातून कसा सुटला, देव जाणे.)

घात झाला अमेरिकेत. 1861 साली तिथे यादवी युद्ध पेटलं, उत्तरेच्या फौजेला घाईघाईने गणवेश हवे झाले आणि कंत्राटदारांनी हात धुऊन घेतले. हलक्या शॉडीचे ते गणवेश पावसात उसवले. शिपाई उघडे पडले, कंत्राटदार गब्बर झाले, आणि या नवश्रीमंतांना लोक ‘शॉडी अरिस्टोक्रसी’ म्हणू लागले. कंत्राटदार आणि पहिला पाऊस यांचं नातं आपल्याला समजावून सांगायला नको. आपल्याकडे गणवेशाच्या जागी रस्ता असतो इतकंच. पण लबाडी कंत्राटदाराची आणि नाव खराब झालं चिंधीचं, हे काही मला पटत नाही.

शॉडीचं आजचं मोठं ठाणं कुठे, तर पानिपतात. हो, तेच. 1761 साली जिथे आपलं पानिपत झालं, तिथे आता गोऱ्यांच्या कोटांचं होतं. परदेशातून गठ्ठे येतात. बायका उभ्या पात्यावर कोट चिरून बटणं, चेन, अस्तर वेगळं करतात. मग रंगवार ढीग लागतात, लालात लाल, निळ्यात निळा, म्हणजे सूत पुन्हा रंगवायला नको. यंत्र त्याचा पिंजून भुगा करतं आणि त्यातून पूर-भूकंपात वाटायची ब्लँकेटं तयार होतात.

असलंच एक ब्लँकेट मी उत्तरेकडच्या एका धर्मशाळेत ऐन थंडीत पांघरलंय. टोचत होतं, सदरा तंतूंनी भरला, पण झोप मात्र झकास लागली. सकाळी मुनीमजींनी ते उजेडात धरून, भोक पडलंय का हे नीट तपासूनच परत घेतलं.