शेजारघरचं आवतण

खानावळ चालवणाऱ्याला जेवायला बोलावणं सोपं नसतं. तो ताटावर बसतो, आमटी भुरकण्याआधी वाटीचा तळ बघतो, वाढप्याकडे कणवेनं पाहतो आणि हात धुता धुता विचारतो, "कांदा काय भावानं घेतलात?" फ्रँकफर्टला मुख्यालय असलेल्या जर्मन राष्ट्रीय पर्यटन मंडळाची ऑस्ट्रियाच्या बाबतीत नेमकी हीच पंचाईत आहे. जगभरच्या लोकांना "जर्मनीला या" म्हणणं हे मंडळाचं काम. ते टोकियोत जमतं, न्यूयॉर्कात जमतं. व्हिएन्नात मात्र समोर बसलेला माणूस स्वतःच खानावळवाला निघतो.

आकडेच बघा. ऑस्ट्रियाची लोकसंख्या ९० लाखांच्या जराशी वर. २०२४ साली तिथल्या हॉटेलांत आणि पाहुणघरांत पर्यटकांनी मिळून १५ कोटींहून जास्त रात्री काढल्या आणि त्यातल्या एक तृतीयांशाहून अधिक रात्री एकट्या जर्मनांच्या होत्या. टिरोलच्या खेड्यात चार खोल्या भाड्यानं देणाऱ्या बाईनं लग्न होऊन आल्यापासून जर्मन माणूस सर्व ऋतूंत आणि सर्व पोशाखांत पाहिलेला असतो. अंडं किती मिनिटं उकडलं याची चौकशी करणारा, बिलाची बेरीज स्वतः करून बघणारा आणि निघताना पुढच्या वर्षासाठी तीच खोली राखून ठेवणारा. तिला आता सांगायचं, की बाई, यंदा तू त्याच्याकडे जा.

ऑस्ट्रियन लोक जर्मनांना पाठीमागे 'पीफ्के' म्हणतात. हे बहुधा प्रशियाच्या एका लष्करी बँडमास्तरचं आडनाव. १८६६ साली प्रशियानं ऑस्ट्रियाला लोळवलं, तेव्हा त्या विजयावर या पीफ्केंनी संचलनाची धून रचली. हार विसरली गेली, बँडमास्तर लक्षात राहिला. १९९० साली फेलिक्स मिटरर या टिरोलच्या लेखकानं जर्मन पर्यटक आणि त्यांच्या पैशावर जगणारं टिरोलचं गाव यांच्यावर 'पीफ्के-सागा' ही दूरदर्शन मालिका लिहिली. तिनं पाहुणे आणि यजमान दोघांनाही सारखंच झोडपलं आणि दोघांनाही सारखाच राग आला. दोन्ही देशांचं एकमत होण्याचे जे मोजके प्रसंग आहेत, त्यांतला हा एक.

तर अशा गिऱ्हाइकासमोर जाहिरातीचा मसुदा वाचून दाखवायचा आहे. त्यासाठी एक होफराट कल्पूया. होफराट म्हणजे राजदरबाराचा सल्लागार. दरबार १९१८ साली उठला, पण पदवी अजून सरकारी अधिकाऱ्यांना मिळते. आपल्याकडची रावबहादुरी इंग्रजांबरोबर बोटीनं गेली, तिकडची होफराटकी मात्र राजा जाऊनही पेन्शनीत आली आहे. जर्मनीतल्या हॉटेलात आपल्याला नुसतं 'हेर' म्हणून आडनावानं हाक मारतात, ही आमच्या होफराटसाहेबांची पहिली हरकत. मंडळाचा माणूस ती टिपून घेतो आणि पुढे सरकतो.

सुरुवात अर्थातच डोंगरापासून. जर्मनीचं सर्वांत उंच शिखर झुगश्पित्स, उंची २९६२ मीटर. होफराटसाहेब चष्मा पुसतात. त्यांच्या देशात तीन हजार मीटरच्या वरची शिखरं शेकड्यांनी आहेत आणि ग्रोसग्लॉकनर तर ३७९८ मीटरचा. शिवाय झुगश्पित्सवरूनच सरहद्द जाते आणि तिथवर जाणारी पहिली केबल कार ऑस्ट्रियानं आपल्या बाजूनं, एरवाल्डहून, १९२६ सालीच सुरू केली होती. जर्मनांची दातेरी रुळांची गाडी वर पोचायला १९३० उजाडलं. 'दुरून डोंगर साजरे' ही म्हण जगातल्या प्रत्येक पर्यटन मंडळानं भिंतीवर लावावी अशी आहे. पण डोंगर परसात असला आणि त्याचा जिनाही आपणच बांधलेला असला, तर साजरेपणा आणायचा कुठून?

मग समुद्र. इथे मंडळाच्या माणसाला जरा बळ येतं, कारण ऑस्ट्रियाला समुद्र नाही. पहिल्या महायुद्धापर्यंत ट्रिएस्टचं बंदर त्यांचं होतं, ते गेलं आणि आरमाराचा देश बर्फाचा झाला. जर्मनीकडे मात्र दोन समुद्र आहेत, उत्तर समुद्र आणि बाल्टिक. पत्रकावर पांढरी वाळू आहे आणि त्या वाळूत ओळीनं मांडलेल्या वेताच्या छपरी खुर्च्या. या खुर्चीला 'श्ट्रांडकॉर्ब' म्हणतात. १८८२ साली रोस्टोकच्या विल्हेल्म बार्टेलमान या बुरडानं ती एका संधिवाताच्या बाईंसाठी बनवली, कारण बाईंना किनाऱ्यावर बसायचं होतं आणि वारा बसू देत नव्हता. होफराटसाहेब चित्र निरखतात. ज्या किनाऱ्यावर बसायला पाठीशी भिंत आणि डोक्यावर छप्पर लागतं, तिथे पोहायला काय लागत असेल, असं त्यांना विचारावंसं वाटतं. व्हिएन्नाहून उत्तर समुद्रातलं झिल्ट बेट रस्त्यानं हजार किलोमीटरहून लांब. त्याच्या साधारण निम्म्या अंतरावर इटलीचं काओर्ले आणि येझोलो येतं, पाणी कोमट असतं आणि शेजारच्या छत्रीखाली हमखास आपल्याच गल्लीतलं कुणीतरी भेटतं. समुद्र नसलेल्या माणसानं आपला समुद्र कधीच ठरवून टाकलेला आहे.

आता उरली संस्कृती. इथे प्रकरण खरं गुंतागुंतीचं होतं.

बीथोव्हन बॉनचा. तिथलं त्याचं जन्मघर बघायला लोक जातात. पण तो तरुणपणी व्हिएन्नाला आला तो तिथेच राहिला आणि १८२७ साली तिथेच वारला, त्यामुळे ऑस्ट्रियानं त्याला दत्तक घेऊन टाकलं. उलट हिटलर जन्मला ऑस्ट्रियात, इन नदीकाठच्या ब्राउनाउ गावी. तो जर्मनांना देऊन टाकण्याचं औदार्य ऑस्ट्रियानं दाखवलं, असा एक जुना विनोद आहे. तो दोन्ही देशांत सांगतात, फक्त हसण्याचा जोर वेगळा असतो.

सम्राज्ञी एलिझाबेथचं, म्हणजे लाडक्या 'सिसी'चं तसंच. व्हिएन्नात तिच्या नावानं चॉकलेटं, कपबशा आणि छत्र्या विकतात. बाई होती बव्हेरियाची. १८३७ साली म्युनिकला जन्मली, श्टार्नबर्गच्या तळ्याकाठी पॉसेनहोफेनला वाढली. मंडळानं ऑस्ट्रियन माणसाला पॉसेनहोफेनला बोलवावं, तर त्याच्या डोळ्यांसमोर वेगळंच पॉसेनहोफेन असतं, कारण १९५५ च्या 'सिसी' सिनेमात तिचं माहेर म्हणून जे दिसतं, तो साल्झबर्गजवळचा फुश्लचा वाडा आहे. त्यातली बव्हेरियाची सिसी झालेली रोमी श्नायडर व्हिएन्नात जन्मलेली आणि व्हिएन्नाचा सम्राट झालेला कार्लहाइन्झ बोम जर्मनीतल्या डार्मश्टाटचा. अशी अदलाबदल लग्नाच्या वऱ्हाडातल्या चपलांचीच होते.

यावर कडी 'द साउंड ऑफ म्युझिक'ची. युरोपच्या सहलीला निघालेली मराठी मंडळी साल्झबर्गला पोचली की हात पसरून गिरकी घेतात, ती या सिनेमाच्या पहिल्या दृश्यावरून. ते हिरवं कुरण ऑस्ट्रियात नाहीच, सरहद्दीपलीकडे बव्हेरियात मार्क्टशेलेनबर्गजवळ आहे. सिनेमाच्या शेवटी ट्रॅप कुटुंब साल्झबर्गचे डोंगर ओलांडून नाझींच्या तावडीतून सुटतं. नकाशा घेऊन बसलं तर त्या डोंगरापलीकडे थेट जर्मनी लागते. खरं ट्रॅप कुटुंब शहाणं होतं, ते १९३८ साली आगगाडीत बसून इटलीला गेलं. ऑस्ट्रियात हा सिनेमा कधी फारसा चाललाच नाही. त्यामुळे ज्या कुरणासाठी अर्धं जग साल्झबर्गला येतं, ते कुरण असणाऱ्या जर्मनीला त्याची जाहिरात ऑस्ट्रियनांपुढे करून उपयोग नाही.

जेवणाचं बोलावं तर भाषा आडवी येते. दोघेही जर्मनच बोलतात, असं आपल्याला वाटतं. बटाट्याला जर्मनीत 'कार्टोफेल' म्हणतात, ऑस्ट्रियात 'एर्डआप्फेल'. टोमॅटोला ऑस्ट्रियात 'पाराडायझर', म्हणजे स्वर्गातलं फळ. १९९५ साली युरोपीय संघात शिरताना ऑस्ट्रियानं करारात खास कलम घालून घेतलं आणि खाण्यापिण्याच्या २३ ऑस्ट्रियन शब्दांना जर्मनीतल्या शब्दांच्या बरोबरीचा दर्जा मिळवला. इतर देश सार्वभौमत्वाची काळजी वाहत होते, तेव्हा हा देश जर्दाळू आणि फ्लॉवर यांच्या पाठीशी उभा होता. सॉसेजची गंमत तर याहून मोठी. एकच बारीक, लांबट, उकडून जोडीनं वाढलेलं सॉसेज. जर्मनीत मागायचं तर 'व्हिनर', म्हणजे व्हिएन्नावालं, आणि व्हिएन्नात मागायचं तर 'फ्रँकफुर्टर'. कारण ते व्हिएन्नात करायला लागणारा खाटीक शिकलेला फ्रँकफर्टला होता. दोघांनाही खाताना शेजाऱ्याचं नाव घ्यावं लागतं, पण बिल देताना कुणी त्याचा उल्लेख करत नाही.

"रस्ते तरी चांगले आहेत," मंडळाचा माणूस शेवटचा पत्ता टाकतो, "आणि मोटारीला फुकट." हे खरं आहे. ऑस्ट्रियाच्या महामार्गावर जायचं तर टोलचं विग्नेट लागतं आणि दर सुट्टीत लाखो जर्मन ते कुरकुरत घेतात. याचं उट्टं काढायला जर्मनीनं स्वतःचा मोटार-टोल आणायचं ठरवलं. तो भरायचा सर्वांनी, पण जर्मनांना तेवढीच सूट वाहनकरात मिळणार, अशी खुबीदार योजना. ऑस्ट्रिया युरोपीय न्यायालयात गेला आणि १८ जून २०१९ रोजी न्यायालयानं टोल बेकायदा ठरवला. कंत्राटं मात्र आधीच देऊन झालेली. भरपाईचे २४ कोटी ३० लाख युरो जर्मन तिजोरीतून गेले, त्यातले जवळजवळ निम्मे कंत्राटदारांपैकी व्हिएन्नाच्या एका कंपनीला. होफराटसाहेबांच्या चेहऱ्यावर या बैठकीतलं पहिलं हसू इथे उमटतं.

ते फार टिकत नाही, कारण प्रवासावर पट्टी बसवण्याचा हा पहिला प्रयत्न नव्हता. १९३३ साली हिटलरच्या सरकारनं ऑस्ट्रियाला जाणाऱ्या प्रत्येक जर्मनाला आधी १००० मार्क भरायला लावले. हेतू उघड होता, शेजाऱ्याची खानावळ बंद पाडायची. टिरोल आणि साल्झबर्गची हॉटेलं ओस पडली. दोन्ही देशांतल्या १९३६ च्या करारानंतर ही अट उठली आणि मार्च १९३८ मध्ये जर्मन आले ते रणगाड्यांसह, कुणालाही न विचारता. त्या वेळी कितीतरी ऑस्ट्रियन रस्त्याच्या कडेला उभे राहून फुलं उधळत होते, ही गोष्ट पत्रकात कुठल्याच देशाच्या बसत नाही. होफराटसाहेब विषय बदलतात आणि फुटबॉलवर येतात. २१ जून १९७८, कोर्दोबा, ऑस्ट्रिया ३, पश्चिम जर्मनी २. विश्वचषक स्पर्धेतून ऑस्ट्रिया आधीच बाद झालेला होता, पण जगज्जेत्या शेजाऱ्याला सोबत घेऊन घरी गेला. त्यानंतर जन्मलेल्या ऑस्ट्रियन मुलांनाही हा सामना डोळ्यांनी पाहिल्यासारखा आठवतो.

मंडळाच्या माणसाला आता युंगहोल्झ आठवतं. हे टिरोलचं गाव उरलेल्या ऑस्ट्रियाला फक्त एका बिंदूत चिकटलेलं आहे आणि तो बिंदू १६३६ मीटर उंचीच्या डोंगराच्या माथ्यावर. स्वतःच्याच देशात मोटारीनं जायचं तर जर्मनीतून जावं लागतं. युरो येईपर्यंत तिथे व्यवहारही मार्कांत चाले. या गावकऱ्यांना पर्यटक धरावं, तर संख्या रातोरात वाढेल. पण ते मुक्कामाला थांबत नाहीत, कणीक-साखर घेऊन घरी जातात.

बैठक संपते. होफराटसाहेब पत्रक घेतात, कारण कागद गुळगुळीत आहे. दुसऱ्या दिवशी त्यांना साल्झबर्गहून लेकीकडे इन्सब्रुकला जायचं असतं. ऑस्ट्रियाची गाडी, ऑस्ट्रियाचं तिकीट, दोन्ही टोकांना ऑस्ट्रिया, पण मधला बराचसा रस्ता बव्हेरियाचा. देशातल्या देशात राहून गेलं तर जवळजवळ दुप्पट वेळ लागतो. गाडी तिथे थांबत नाही, त्यामुळे तेवढा उशीर तरी टळतो. जर्मन रेल्वेच्या लांब पल्ल्याच्या गाड्या २०२४ साली शंभरात सुमारे ६२ वेळा वेळेवर आल्या आणि सहा मिनिटांच्या आतला उशीर त्यांच्या हिशेबात उशीर नसतो. जर्मनांना न परवडणाऱ्या रात्रगाड्यांपैकी काही डिसेंबर २०१६ मध्ये ऑस्ट्रियन रेल्वेनंच चालवायला घेतल्या, हे होफराटसाहेब डब्यातल्या अनोळखी सहप्रवाशालाही आवर्जून सांगतात.

फ्राइलासिंगजवळ फोन थरथरतो. जर्मनीत स्वागत असल्याचा मोबाईल कंपनीचा संदेश येतो. ते तो न वाचता पुसतात आणि डोळे मिटतात. रोझेनहाइम खिडकीतून निघून जातं. कुफश्टाइनला फोन पुन्हा थरथरतो, तेव्हा त्यांना जाग येते. समोरच्या फळीवर कॉफीचा कप आहे, कपाखाली कालचं पत्रक आणि त्यावरच्या नॉयश्वानश्टाइन किल्ल्याच्या मनोऱ्याभोवती तपकिरी वर्तुळ.