भर आषाढात बोट

अल्फारेटा, जॉर्जिया
जुलै 2025

ती. स्व. दादा आणि वहिनीस,
सा. न. वि. वि.

हे पत्र आईच्या पर्समधून येईल. पाकीट मुद्दाम डिंकाने चिकटवलंय, कारण आत बाबांबद्दल बरंच काही आहे आणि "पत्ता बरोबर घातलाय का, बघतो" म्हणून ते उघडायला कमी करणार नाहीत. वहिनी, पुढच्या वर्षी आंब्याचा हंगाम आटोपला की तुम्ही येणार आणि सगळ्यांनी क्रूझला जायचं, हे तू फोनवर ठरवूनच टाकलंस. म्हणून हे सविस्तर लिहितेय. फोनवर सांगितलं की दादा नुसता "हं, हं" करतो आणि मग ऐन वेळी सगळं पुन्हा विचारतो.

आम्ही चार कुटुंबं होतो. नावं घेत नाही, उद्या इथल्या गणपतीत भेटायचंय सगळ्यांना. गावांवरून ओळखा: नागपूरकर, कोल्हापूरकर, पुणेकर आणि आपण. फ्लोरिडातल्या पोर्ट कॅनाव्हरलहून निघायचं, ग्रँड केमन आणि मेक्सिकोचं कोझुमेल बघून आठवड्याने परत यायचं. बाबांचा पहिला आक्षेप महिन्यालाच होता. "जुलैत बोट? आमच्या वेळी पावसाळ्यात कोकणबोट बंद असायची!" 'कोकणसेवक'च्या डेकवर वळकटी टाकून मुंबई गाठलेल्या माणसाला काय सांगणार? इथला वादळांचा मोसम 1 जून ते 30 नोव्हेंबर. शाळांना सुट्ट्या त्यातच पडतात, त्यामुळे सगळं जग त्यातच बोटीवर चढतं. वादळ आलंच तर कप्तान बोट दुसरीकडे वळवतो, कधी एखादं बंदर गाळतो, आणि तसा त्याचा हक्क तिकिटावर छापलेला असतो. हे ऐकून बाबांचं समाधान झालं नाही, पण कप्तानाबद्दलचा आदर वाढला.

आता आपल्या लोकांच्या चुका. माझं मत विचारशील तर त्या सगळ्या एकाच मुळातून फुटतात: पैसे वसूल करणं. एकदा भरले की जेवण, खेळ, नाटक सगळं त्यात आलं, असं कळल्यावर आपला माणूस जो सुटतो, तो उतरेपर्यंत थांबत नाही.

कोल्हापूरकरांनी वसुली विमानाच्या तिकिटापासून सुरू केली. आदल्या दिवशी जाऊन हॉटेलचे पैसे कशाला घालवायचे, म्हणून बोट सुटायच्या दिवशी सकाळचं विमान घेतलं. चार जुलैच्या सुट्टीतली गर्दी, विमानाला उशीर, ऑर्लँडोपासून बंदरापर्यंत तासभर टॅक्सी. बोट सुटायच्या तास-दीड तास आधीच चढायचं दार बंद होतं, हे त्यांना टॅक्सीत कळलं. आले बिचारे, पण त्यांच्या सौं.चा चेहरा असा होता की आठवडाभर कुणी विमानाचा विषय काढला नाही.

पुणेकरांची तऱ्हा वेगळी. बंदरावर मोठ्या बॅगा हमालाकडे द्यायच्या असतात, त्या संध्याकाळपर्यंत केबिनच्या दारात येतात. त्यांनी बॅगा दिल्या, हमालाला बक्षिसी दिली, रांगेत उभे राहिले आणि खिडकीपाशी पोचल्यावर लक्षात आलं की पासपोर्टही बॅगेत गेले. "मौल्यवान वस्तू मोठ्या बॅगेत सुरक्षित राहते," हे त्यांचं तत्त्व. ती बॅग शोधून आणेपर्यंत आमची मुलं तरणतलावात दोनदा भिजून निघाली होती. कारण पोहण्याचे कपडे, आईबाबांच्या गोळ्या आणि सगळे कागद मी हातातल्या पिशवीत घेतले होते. (तुझे मेव्हणे त्या पिशवीला "बाजाराची पिशवी" म्हणत होते. नंतर म्हणेनासे झाले.) तुमचा व्हिसा मल्टिपल एन्ट्रीचाच असू दे, दादा. बोट अमेरिकेबाहेर जाते आणि परत आत येते, तिथे पंचाईत नको. आमच्या मुलांसारख्या इथल्या नागरिकांना अशा फेरीला जन्मदाखला आणि ओळखपत्रावरही घेतात, पण बोट चुकली आणि विमानाने यायची वेळ आली तर पासपोर्टशिवाय गती नाही.

त्याच पुणेकरांचा खिचडीचा इलेक्ट्रिक कुकर तपासणीत जप्त झाला. इस्त्री, किटली, मेणबत्ती, जे जे तापतं किंवा पेटतं ते बंद, कारण समुद्रात आगीइतकी दुसऱ्या कशाची भीती नसते. आईने हे आधीच ऐकून निरांजन घरीच ठेवलं होतं आणि देवांना सांगून टाकलं होतं, "आठवडाभर नुसतं फूल." कुकर उतरताना परत मिळाला. त्यांनी तो वाटेतल्या हॉटेलात लावला म्हणे.

आणि योग बघ, निघालो तो दिवस आषाढी एकादशीचा. पहिल्या दुपारी अख्खी बोट वरच्या बुफेवर तुटून पडते. ताटं घेऊन लोक जागेसाठी फिरत होते, नागपूरकरांच्या ताटात पिझ्झ्यावर नूडल्स आणि नूडल्सवर केक होता. त्या सगळ्या गदारोळात आई खिडकीशी बसून केळं आणि राजगिऱ्याचा लाडू खात होती. (पाकीटबंद खाऊ चालतो, घरचा डबा नाही.) खरं तर खाली टेबलाशी आणून वाढणारं डायनिंग हॉलचं जेवणही त्याच पैशात असतं. कित्येकांना हे तिसऱ्या दिवशी कळतं.

खरी कसोटी दुसऱ्या दिवसापासून होती. आईचा चातुर्मास सुरू, म्हणजे कांदा-लसूण बंद. मी बुकिंगच्या वेळीच "जैन जेवण" असं कळवून ठेवलं होतं. पण नुसतं कळवून भागत नाही. रोज रात्री उद्याचं सांगावं लागतं. आमच्या टेबलाचा हेड वेटर निघाला मडगावचा. या बोटींवर गोव्याची माणसं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. तिकडे तारवटी म्हणतात, अर्धी अर्धी गावं त्यांच्या पगारावर उभी राहिलेली. बाबा त्याच्याशी मालवणीत, तो बाबांशी कोंकणीत, आणि दोघांनाही नव्वद टक्के कळत होतं. दुसऱ्या रात्री बिनकांद्याची डाळ आली. आईने चव घेतली आणि त्याला बसवून फोडणीत हिंग कधी घालायचं ते सांगितलं. तिसऱ्या रात्रीची डाळ पुणेकरांनीही मागवली. वहिनी, टिपची रक्कम रोज माणशी आपोआप बिलात चढते, लहान मुलांचीसुद्धा. ती काढून घेण्यासाठी काउंटरवर भांडणारे आपले लोक मी पाहिले. तेवढं दादाला आधीच सांगून ठेव.

नागपूरकरांनी दारूचं पॅकेज घेतलं. बऱ्याच कंपन्यांचा नियम असा की केबिनमधल्या एका मोठ्या माणसाने घेतलं तर दुसऱ्यानेही घ्यायचं. त्यांच्या सौ. ताकाखेरीज काही पीत नाहीत. पण भरलेत ना पैसे! त्या माउलीने सकाळी अकरापासून बिनदारूचे मोहितो आणि कॉफ्या सुरू केल्या. रात्री दोन वाजता त्या आणि मी डेकवर भेटलो. मी चांदणं बघायला गेले होते, त्यांना झोप येत नव्हती.

मळमळीचं थोडक्यात सांगते. कोल्हापूरकरांनी जास्त पैसे भरून सर्वांत वरच्या मजल्यावर अगदी पुढची केबिन घेतली, देखाव्यासाठी. तीच सर्वांत जास्त डोलते. मध्यभागी आणि खालच्या मजल्यावर बोट कमीत कमी हलते. आमच्या बिनखिडकीच्या स्वस्त खोलीत बाबा घोरत होते आणि वर कोल्हापूरकर देखाव्याकडे पाठ करून बसले होते. गोळी मळमळायच्या आधी घ्यायची असते, नंतर ती पोटात राहतेय कुठे! आईचा आलेपाक शेवटी त्यांच्याच कामी आला.

एका गोष्टीत मात्र बाबांनी कुणाला हसू दिलं नाही. बोट सुटण्याआधी धोक्याची कवायत असते: भोंग्याचे सात छोटे आवाज, एक लांब, आणि प्रत्येकाने आपल्या ठरलेल्या जागी जाऊन हजेरी द्यायची. नागपूरकर म्हणाले, "आपण बारमधूनच ऐकू." बाबांचा आवाज चढला. 'टायटॅनिक' 1912 ला बुडाली, त्यानंतर 1914 मध्ये देशांनी एकत्र येऊन हे नियम केले. आणि 13 जानेवारी 2012 ला इटलीजवळ 'कोस्टा कॉनकॉर्डिया' खडकावर आपटली तेव्हा त्याच दिवशी चढलेल्या शेकडो लोकांची कवायत झालेलीच नव्हती. 32 माणसं गेली. आता सुटण्यापूर्वीच हजेरी घेतात, ती त्यामुळे. हे मी सांगितलं. बाबांनी 'रामदास'चं सांगितलं. 17 जुलै 1947, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली बोट, सहाशेहून जास्त माणसं बुडाली. आजोबा दर आषाढात तिची आठवण काढायचे, तुला आठवत असेल. नागपूरकर ग्लास ठेवून मुकाट्याने उठले.

ग्रँड केमनला धक्का नाही. बोट बाहेर नांगर टाकते आणि लहान होड्यांतून माणसं किनाऱ्याला नेतात. बाबा एकदम तरुण झाले. "अरे, हा तर पडाव! रत्नागिरीला असंच उतरायचो." फरक इतकाच की इथे हाताला धरून उतरवतात, तिथे खलाशी उचलून टाकायचा. मोठा धक्का बांधायचा का, यावर तिथल्या लोकांनी गेल्या एप्रिलमध्येच मतदान केलं आणि नको म्हणाले. बाबांचंही तेच मत पडलं, विचारलं कुणी नव्हतं. होडीसाठी सकाळी तास-तास रांग लागते, हे मात्र लक्षात ठेव. वसुलीवाले आदल्या रात्री दीडपर्यंत नाच बघतात आणि दहाला उठून त्या रांगेत लागतात. तिथे कंबरभर पाण्यात उभं राहून पाकटांना हात लावायची सहल असते. पूर्वी कोळी तिथे मासळी साफ करायचे, त्या वासाने पाकटं जमायला लागली ती राहिलीच. तिकिटाचा आकडा ऐकून बाबा म्हणाले, "मिरकरवाड्यात ये म्हणावं, फुकट दाखवतो. वर कालवणही देतो." आई म्हणाली, "चातुर्मास आहे."

आता कोझुमेल, आणि दादा, हे नीट वाच. बोट फ्लोरिडाच्या उन्हाळी वेळेवर चालते. मेक्सिकोच्या त्या राज्याने 2015 पासून घड्याळ पुढे-मागे करणं सोडून दिलंय, त्यामुळे उन्हाळ्यात त्यांचं घड्याळ आपल्या बोटीच्या तासभर मागे. बेट आलं की खिशातला फोन न विचारता तिथली वेळ दाखवायला लागतो. कोल्हापूरकर, पुणेकर आणि आम्ही टॅक्सी करून एका किनाऱ्यावर गेलो होतो. बोटीच्या सहली महाग म्हणून! त्या सहलीला उशीर झाला तर बोट थांबते, टॅक्सीवाल्यांसाठी थांबत नाही. परत चढायची वेळ साडेचार. कोल्हापूरकर फोन बघून म्हणाले, "तीनच वाजलेत, अजून एक नारळ होऊ दे."

बाबांचं एचएमटी तुला माहीत आहे. अमेरिकेत आल्यापासून त्यांनी त्याची वेळ बदललेली नाही. रत्नागिरीच्या वेळेवरच चालतं आणि ते मनात साडेनऊ तास वजा करतात. वाळूत बसल्या बसल्या त्यांनी मनगट वर केलं. "घरी मध्यरात्रीचा दीड वाजला. म्हणजे बोटीवर चार. नारळ राहू दे." कोल्हापूरकर वाद घालणार होते, सॅटेलाइट वगैरे. पण आई चप्पल घालून चालायलाही लागली होती. धक्क्यावर आम्ही पोचलो तेव्हा माणसं शिडीकडे पळत होती आणि वरच्या डेकवरून लोक टाळ्या वाजवत होते. हा तिथला रोजचा करमणुकीचा कार्यक्रम आहे, फुकट. बाबा पळाले नाहीत. चालत आले आणि टाळ्यांना हात वर करून उत्तर दिलं.

फोनचं आणखी एक. निघतानाच तो विमानातल्यासारखा बंद मोडवर टाकायचा. भर समुद्रात तो बोटीचं स्वतःचं मोबाइल नेटवर्क पकडतो, ते सॅटेलाइटवरून चालतं आणि आपल्या घरच्या प्लॅनमध्ये बसत नाही. पुणेकरांच्या चिरंजिवांनी रील्स पाहिल्या. बिल आलंय, रक्कम त्यांनी अजून कुणाला सांगितलेली नाही.

शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा चिठ्ठी लावून केबिनबाहेर ठेवायच्या, त्या सकाळी थेट बंदरावर मिळतात. नागपूरकरांनी एकदम चोख काम केलं. सगळं भरलं, एकही कपडा मागे ठेवला नाही. सकाळी अंगात होता तो पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा आणि कपाटात विसरलेला गाला नाइटचा काळा कोट. बूटही बॅगेत. तसेच, कोट, पायजमा आणि स्नानगृहातल्या सपाता घालून ते इमिग्रेशनच्या रांगेत उभे होते. अधिकाऱ्याने फोटोशी चेहरा ताडून पाहिला, मग खाली बघितलं, मग पुन्हा चेहरा. "वेलकम होम," म्हणाला. त्यांच्या सौ. आठ पावलं मागे राहून दुसऱ्याच कुटुंबात मिसळल्या होत्या.

तर वहिनी, मला लवकर कळव: मुलांच्या शाळा कधी सुरू होतात, तुझ्या आई येणार आहेत का, आणि कांदा-लसूण कोणाकोणाला चालत नाही. केबिनी मधल्या भागातल्या, खालच्या मजल्यावरच्या घेणार आहे, दादाने खिडकीसाठी हट्ट धरू नये. आईसोबत मुलांसाठी दोन टी-शर्ट पाठवलेत, मापाचा अंदाज फोटोवरून केलाय. कोझुमेलचा मध बाबांच्या बॅगेत आहे, बाटली फुटली नसेल तर.

तुमची,
धाकटी

ता. क. बाबा म्हणताहेत, पत्राची जाडी बघता पाकीट एकदा वजन करून घ्यायला हवं.