फक्त आजोबा जास्तीचे

येरवड्यात राहणाऱ्या माणसाला नदीपलीकडच्या पुण्यात एक प्रश्न ठरलेला असतो. "येरवड्याला का? आत की बाहेर?" एकीकडे मध्यवर्ती कारागृह, दुसरीकडे मनोरुग्णालय, विचारणारा स्वतःच्या विनोदावर हसून घेतो, आपण उसनं हसतो आणि विषय संपतो. तात्यांचा तिथे सुरू होतो. "आतलं," ते आवाज खाली आणून म्हणतात, "सगळंच काही सांगता येत नाही." एवढ्यावर समोरचा खुर्ची पुढे ओढतो.

तात्या हे कोणा एकाचं नाव समजू नये. जयजवाननगरात एक तात्या आहेत, लक्ष्मीनगरात दोन असल्यामुळे त्यांचं एकमेकांशी पटत नाही, आणि मी सांगतोय ते गुंजन चौकाजवळच्या चहाच्या टपरीवरचे. वय पासष्टच्या पुढे, शर्टाच्या खिशाला दोन पेनं, त्यांतलं एक चालत नाही. कुठून निवृत्त झाले हे ऐकणाऱ्यावर ठरतं. वीज मंडळातला माणूस भेटला तर खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून; खडकीवाला भेटला तर वीज मंडळातून.

थापा मारणारे पुण्यात पोत्यानं सापडतील. बहुतेकांचं पितळ उघडं पडतं, कारण ते सगळंच खोटं बोलतात. तात्या तसला फुटकळ माल ठेवत नाहीत. "24 सप्टेंबर 1932. शनिवार," असा त्यांचा आरंभ असतो. "गांधीजींच्या उपोषणाचा पाचवा दिवस. इथेच, आपल्या तुरुंगात, पुणे करार झाला. बाबासाहेबांची सही झाली, मालवीयांची झाली. खुद्द गांधीजींची त्यावर नाही बरं का! आणि शाई कुणी आणून दिली? आमच्या आजोबांनी." तारीख बरोबर, वार बरोबर, जागा बरोबर, सह्यासुद्धा बरोबर. फक्त आजोबा जास्तीचे. कोणी संशयानं घरी जाऊन पुस्तक उघडतो, गांधीजींची सही खरंच नाही हे त्याला कळतं, आणि दुसऱ्या दिवशी तो तात्यांना नमस्कार करतो. आजोबांना तपासायला कोण कुठे जाणार?

हे आजोबा भलतेच कामसू. घडी करून पेटीत बसणारा चरखा गांधीजींनी इथल्या तुरुंगवासात तयार केला, म्हणून तो येरवडा चरखा. त्याची बिजागरी आजोबांनी सुचवलेली. आजोबा गेल्यावर खुद्द तात्यांनी सूत्रं हाती घेतली. संजय दत्त 2013 ते 2016 या काळात इथे शिक्षा भोगत होता आणि कागदी पिशव्या करत होता, हे सगळ्या वर्तमानपत्रांत आलेलं आहे. त्यांतली एक पिशवी तात्यांच्या घरी होती. "बघू की, तात्या!" असं कोणी म्हटलं, तर ती काकूंनी रद्दीत घातलेली असते. तात्यांचा कुठलाही पुरावा एक तर काकू रद्दीत घालतात, नाही तर तो पानशेतच्या पुरात जातो. एकदा एका मंत्र्याचं 1975 सालचं पत्र 12 जुलै 1961 च्या पुरात वाहून गेल्याचं आमच्यातल्या एकानं बोटं मोजून दाखवलं. तात्यांची पापणीसुद्धा लवली नाही. "पूर काय एकदाच येतो?" त्यांनी विचारलं. मुळामुठेच्या काठी राहणाऱ्यांनी यावर काय बोलावं?

तुलना करायचीच तर लोक लगेच लखोबा लोखंडेचं नाव घेतात. मला ते पटत नाही. लखोबाचं नाटक, अत्र्यांचं 'तो मी नव्हेच', 1962 साली आलं ते एका खऱ्या खटल्यावरून. फिरत्या रंगमंचावर लखोबा झालेले पणशीकर वेश पालटत यायचे आणि प्रत्येक वेशात कुणाचा तरी संसार उद्ध्वस्त व्हायचा. तात्यांनी आजवर कोणाचं अर्ध्या कपापलीकडे नुकसान केलेलं नाही. उलट तो अर्धा कप मला नेहमी स्वस्त वाटत आला आहे.

तर या तात्यांना कॉमरझोन आयटी पार्कमध्ये नोकरी करणाऱ्या पोरांनी एक दिवस मोबाईलवर जपानी कार्यक्रम दाखवला. तिकडे नव्या वर्षाला लागतो. नावाजलेले नट, गायक, खेळाडू बोलावतात, डोळ्यांना पट्टी बांधतात आणि दोन पेले पुढे करतात. एकात दहा लाख येनची वाईन, दुसऱ्यात पाच हजारांची. कधी स्ट्राडिव्हेरियस व्हायोलिन आणि शिकाऊ पोराचं व्हायोलिन, कधी उंची गोमांस आणि सुपरमार्केटमधलं. ओळखा! मंडळी घुटका घेतात, आभाळाकडे बघतात आणि पाच हजारांच्या बाटलीत डोंगरउतारावरचा पाऊस वगैरे लागल्याचं सांगतात. चुकलं की पायरी उतरते: अव्वल कलावंत, मग सामान्य, मग दुय्यम, मग तिय्यम, मग नुसता तोंडवळा जुळणारा तोतया. त्याच्याही खाली गेलात तर तुम्ही पडद्यावर दाखवायच्या लायकीचेच नाही. मग खुर्ची दिसते, आवाज येतो, माणूस पुसून टाकलेला. गाकुतो नावाचा एक गायक मात्र वर्षानुवर्षं चुकलाच नव्हता, म्हणून सारा जपान तो कधी चुकतो याची वाट बघत बसलेला.

पोरं हसत होती. तात्या गंभीर झाले. "यांना शिस्त नाही," ते म्हणाले. "घोट घेतल्याबरोबर बोलायचं कशाला? आधी मान हलवायची. थोडं वाईट वाटल्यासारखी. मग विचारायचं, ही कुणी उघडली? उघडणाऱ्याचा चेहरा बघितला की निम्मं काम होतं." मग सहज जोडून दिलं, "आपल्याला आंब्यातलं विचारा. कोकणात आमचं येणंजाणं आहे."

पोरांनी हे सोडलं नाही. रविवारी टपरीवर दोन बश्या मांडल्या गेल्या. एकीत मार्केट यार्डातून पेटीच्या भावानं आणलेला देवगड, दुसरीत कर्नाटकचा. तात्यांच्या डोळ्यांना उपरणं. त्यांनी आधी फोडींचा वास घेतला. पाणी मागितलं. मान हलवली, थोडी वाईट वाटल्यासारखी. एका बशीतल्या दोन फोडी खाल्ल्या, दुसरीतल्या तीन, मग न्याय व्हावा म्हणून पहिलीतली आणखी एक. "ही कुणी कापली?" टपरीवाल्यानं घसा खाकरला. "हा देवगड," तात्यांनी डाव्या बशीवर बोट ठेवलं. "सालीलगत किंचित तुरट. खडकाळ जमीन, समुद्राचा वारा. हा दुसरा काळ्या मातीतला."

डावी बशी कर्नाटकची होती. पोरं नाचली. एकानं जाहीर केलं, "तात्या दाखवायच्या लायकीचे नाहीत!" टपरीवाल्यानं त्यांच्या तोंडासमोर ट्रेसुद्धा धरला.

तात्यांनी उपरणं सोडून खांद्यावर टाकलं. "पेटीवर देवगड लिहिलंय?"

"स्टिकरपण आहे, तात्या."

"म्हणजे तू स्टिकर ओळखलास. मी आंबा ओळखला." टपरीवर शांतता झाली. "अरे, 2018 साली कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर. का द्यावं लागलं? दक्षिणेतला माल आपल्या पेंढ्यात घालून विकतात म्हणूनच ना?"

सगळं खरं. यार्डात हे चालतं हे पुण्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक. ज्यानं पेटी आणली होती त्याचा चेहरा उतरला, कारण त्यानं पैसे देवगडचे मोजले होते. त्यानं तिथल्या तिथे व्यापाऱ्याला फोन लावला. व्यापारी आईची शपथ घेऊ लागला, शंभर टक्के देवगड, माझ्या समोर गाडी उतरली. पोरगा अडखळला. तात्यांनी शांतपणे हात पुढे करून फोन घेतला.

"नमस्कार," ते म्हणाले, "मी देवगडहून बोलतोय."

पलीकडे बराच वेळ कोणी बोललं नाही. मग अर्धा डझन बदलून द्यायचं ठरलं. बदलून आलेले आंबे कुठले होते याची चौकशी कोणी केली नाही. त्यांतले चार तात्यांनी काकूंसाठी म्हणून पिशवीत भरले आणि पिशवी कागदी आहे हे पाहून ती संध्याकाळपर्यंत नीट घडी करून ठेवायला सांगितली.