साइडकारमधलं नाशिक

पॅरिस बघायला गेलेला हौशी पाहुणा हल्ली बसच्या टपावर बसत नाही, साइडकारमध्ये बसतो. जुन्या धाटणीची मोटरसायकल, डोक्याला चामडी टोपी नि डोळ्यांना गॉगल लावलेला गाईड आणि बाजूच्या डब्यात आयफेल टॉवरकडे मान वर करून बघणारा पाहुणा. ही उरल नावाची गाडी मुळात लढाईसाठी जन्मली. जर्मनांच्या बीएमडब्ल्यू आर-71 वरून रशियनांनी ती बेतली आणि 1941 मध्ये जर्मन फौजा चालून आल्या तेव्हा अख्खा कारखाना उचलून उरल पर्वतापलीकडे इर्बितला नेला. पुढे चिन्यांनी तिच्यावरून चांगजियांग काढली. ती आता बीजिंग नि शांघायमध्ये पर्यटक फिरवते. ज्या डब्यावर एकेकाळी मशीनगन असायची, तिथे आता सेल्फी स्टिक आली. माणूस सुधारला, असं म्हणायला हरकत नाही.

अशी सोय नाशिकला का नाही, हा प्रश्न एखाद्या आढावा बैठकीत कधीही निघू शकतो. ऑक्टोबर 2026 अखेर सिंहस्थाचं ध्वजारोहण आणि 2027 च्या ऑगस्ट-सप्टेंबरात अमृतस्नानं. सिंहस्थ जवळ आला की बारा वर्षं न सुचलेल्या गोष्टी बारा महिन्यांत सुचू लागतात. तेव्हा सल्लागार नेमण्याआधी, प्रेझेंटेशन होण्याआधी आणि अंदाजपत्रक तिप्पट होण्याआधी आम्हीच योजना जाहीर करून टाकतो : ‘साइडकारमधून नाशिक दर्शन’.

गाडीची अडचण नाही. सत्तर-ऐंशीच्या दशकांत लॅम्ब्रेटाला किंवा बजाजच्या स्कूटरला डाव्या अंगाला डबा जोडून अख्खी कुटुंबं फिरत. बाबा हँडलवर, धाकटा पुढे उभा, थोरला मागच्या सीटवर आणि डब्यात आई, तिच्या मांडीवर बाळ, पायाशी रविवार कारंज्यावरून घेतलेली भाजीची पिशवी. 15 ऑगस्ट 1975 ला ‘शोले’ लागला आणि संसाराचा हा डबा एका रात्रीत दोस्तीचा झाला. आज असा डबा घरच्या गाडीला जोडायचा म्हटलं, तर मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आडवं येतं. कंपनीने जशी गाडी दिली तशीच ती चालवायची, मालकाने परस्पर बदल करायचे नाहीत. पण मुंबईने याचीही वाट दाखवली आहे. घोड्यांच्या व्हिक्टोरिया हायकोर्टाने 2015 मध्ये बेकायदा ठरवल्या आणि 2021 मध्ये बिनघोड्यांच्या, विजेवर चालणाऱ्या व्हिक्टोरिया वाजतगाजत आल्या. जुनं मोडीत काढायचं आणि त्याची नवीकोरी नक्कल भाड्याने द्यायची, हा धंदा तिथे जमला, तर इथे का जमू नये?

शिवाय वाहनांच्या बाबतीत नाशिक कधीच मागे नव्हतं. नाशिकरोड स्टेशनपासून मेनरोडपर्यंत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ट्राम सुरू झाली होती, तीही आधी घोड्यांची. 1930 च्या दशकात ती बंद पडली. त्यानंतर थेट मेट्रो निओ. 2021 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात तिच्यासाठी 2,092 कोटी रुपये वाचून दाखवले गेले, तेव्हा गावात पेढे वाटले गेले. रबरी टायरवर धावणारी देशातली पहिली मेट्रो म्हणून तिचं कौतुक झालं. टायर कुठे आहेत, हे अजून कोणी विचारलेलं नाही. ट्राम निदान धावून बंद पडली होती.

तर मार्ग. सुरुवात अर्थातच पंचवटीतून. पहिला थांबा गोदाघाटावरचा दुतोंड्या मारुती. जलसंपदा खातं गंगापूर धरणाचा विसर्ग क्युसेकमध्ये सांगतं, नाशिककर तो मारुतीच्या अंगावर वाचतो. साइडकारची बैठक खाली, त्यामुळे मूर्ती आणखी उंच दिसते.

“मूर्तीवर या पाण्याच्या खुणा कसल्या?” पुण्याचे पाहुणे विचारतात.

“पुराचं माप आहे साहेब. पाणी मारुतीच्या गुडघ्याला लागलं की टपऱ्या उचलायच्या. कमरेला लागलं की टीव्हीवाले येतात. छातीला लागलं की अधिकारी.”

“आणि गळ्याला?”

“तेव्हा पुढारी येतात. पण ते पुलावरूनच बघतात.”

थोडं पुढे नारोशंकराचं देऊळ. चिमाजी अप्पांनी 1739 मध्ये वसई घेतली, त्या विजयातली पोर्तुगीज घंटा इथे टांगलेली आहे. देऊळ 1747 चं, घंटा त्याच्याहून जुनी. पाणी घंटेपर्यंत चढलं की ती आपोआप वाजते, अशी गावात ख्याती. नाशकात अखंड बोलणाऱ्या माणसाला नारोशंकराची घंटा म्हणतात. सिंहस्थाच्या आढावा बैठका पाहता हा वाक्प्रचार शासकीय परिपत्रकात घ्यायला हरकत नाही.

रामकुंडावर पाहुण्याला खाली उतरवू नये. उतरलाच तर तो पाण्याच्या तळाकडे बघेल. नदीच्या तळाला काँक्रीट का घातलं, आणि ते काढा म्हणून नागरिकांना वर्षानुवर्षं कोर्टाच्या पायऱ्या का चढाव्या लागतात, असं विचारेल. गाईडला एवढंच शिकवून ठेवावं : नदी वाहत नसली तरी श्रद्धा वाहते. पाहुणा टाळ्या वाजवतो, गाडी सुटते. तपोवनाकडेही न्यावं, पण 2025 च्या अखेरीस साधुग्रामसाठी झाडं तोडायच्या प्रस्तावावरून झालेला गदारोळ तेवढा सांगू नये. वनवासातल्या रामाला सावली होती, हे ऐकून पाहुणा भलतेच प्रश्न विचारू लागतो.

काळाराम मंदिरापाशी गाईड पोपटपंची करतो : रंगराव ओढेकरांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस बांधलं, सगळा काळा दगड, नक्षी बघा, फोटो इथून चांगला येतो. याच मंदिराच्या दारात जायला मिळावं म्हणून 2 मार्च 1930 पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली हजारो माणसं उभी राहिली, सत्याग्रह पाच वर्षं चालला आणि दार उघडलं नाही, हे तो सांगत नाही. त्यानंतर 1935 मध्ये याच जिल्ह्यातल्या येवल्याला बाबासाहेबांनी काय जाहीर केलं, तेही नाही. दर्शनाच्या सहलीत दगड दाखवतात, दगडाबाहेर उभी असलेली माणसं दाखवत नाहीत. तिकिटात तेवढंच बसतं.

मग सरदार चौक. इथे मात्र गाडी थांबवू नये आणि विनोदही करू नये. 2003 च्या सिंहस्थात याच परिसरातल्या अरुंद उतारावर चेंगराचेंगरी झाली आणि 39 भाविकांचा जीव गेला. गल्ली आजही तेवढीच रुंद आहे. दोन्ही बाजूंच्या ओट्यांच्या मधून साइडकार जाईल की नाही, याचा अंदाज प्रत्येक पर्वणीआधी एकदा घ्यायला हवा.

गावातून बाहेर पडताना अशोक स्तंभ ते त्र्यंबक नाका हा स्मार्ट रोड आवर्जून घ्यावा. जेमतेम एका किलोमीटरचा रस्ता आणि त्याचं काम वर्षांत मोजलं गेलं. पाहुण्याला सांगावं की हा आमचा वारसा आहे, कारण त्याच्या कामाच्या काळात जन्मलेली मुलं आता शाळेत जातात. मेनरोडच्या बाजूने जायचं झालं तर विजयानंद थिएटर. 21 डिसेंबर 1909 ला अनंत कान्हेऱ्यांनी इथे कलेक्टर जॅक्सनवर गोळी झाडली. पाहुणा विचारतो, “एवढं सगळं घडलं, मग हे शहर शांत कसं?” गाईड म्हणतो, “आम्ही तेव्हापासून कलेक्टरांशी चांगलं वागतो साहेब.”

शेवटचा टप्पा पांडवलेणी. पायथ्याशी दादासाहेब फाळके स्मारक, ज्याचं रूप पालटण्याच्या घोषणांची स्वतंत्र चित्रपटमाला निघेल. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या फाळक्यांनी 1913 मध्ये पहिला चित्रपट दाखवला, आम्ही तेव्हापासून ट्रेलर बघतोय. वर चढलं की 24 लेणी. यांत पांडव राहिले नाहीत, बौद्ध भिक्षू राहिले, ही बातमी गाईडने सावकाश द्यावी. खरी गंमत नहपानाचा जावई उषवदात याच्या शिलालेखात आहे. भिक्षूंसाठी त्याने 3,000 कार्षापणं विणकरांच्या श्रेणींकडे ठेवली. त्यांतल्या 2,000 वर दरमहा एक टक्का आणि 1,000 वर पाऊण टक्का व्याज ठरलं. रक्कम कोणाकडे, दर काय, व्याज कशासाठी, सगळं दगडात कोरून लोकांच्या डोळ्यांसमोर ठेवलं. जवळपास दोन हजार वर्षं ते ऑडिटला उपलब्ध आहे. सिंहस्थाच्या कामांचा हिशोब कोणत्या दगडावर कोरणार, एवढं मात्र पाहुण्याने खाली उतरल्यावर विचारू नये.

आता आमचे काही मित्र म्हणतील, नाशिकला साइडकार चालणार नाही, लोकांना सवय नाही. हा आक्षेप आम्हाला मान्य नाही. उलट देशात साइडकारमध्ये बसायची इतकी जुनी सवय दुसऱ्या कुठल्या शहराला नसेल.

साइडकारचं यंत्रशास्त्र समजून घ्या. तिच्या चाकाला सहसा इंजिनाचा जोर नसतो आणि जुन्या गाड्यांत त्याला ब्रेकही नसतो. हँडल दुसऱ्याच्या हातात. गाडीने वेग घेतला की ती साइडकारच्या बाजूला ओढते, ब्रेक लावला की उलट दिशेला. डावीकडे जोरात वळण घेतलं की डब्याचं चाक हवेत उचललं जातं. म्हणून डबा रिकामा असेल तर चालक त्यात वाळूचं पोतं ठेवतो. तोल राखायला तिथे वजन लागतं. ते कोणाचं आहे, याच्याशी चालकाला घेणंदेणं नसतं.

मुंबई-पुणे-नाशिक असा सुवर्ण त्रिकोण आम्ही किती वर्षं ऐकतोय! या त्रिकोणात हँडल मुंबईकडे, मागची गादी पुण्याकडे आणि नाशिक डब्यात. पुण्याला जोडणारी सेमी हायस्पीड रेल्वे नारायणगावजवळच्या खोडदच्या रेडिओ दुर्बिणीपाशी अडली आणि मार्ग बदलायचा म्हणून पुन्हा कागदावर गेली. त्या दुर्बिणीला दूरच्या आकाशगंगांचे संकेत मिळतात. नाशिकच्या रेल्वेचा एवढा एक संकेत तिच्या टप्प्यात येत नाही. ऊर्ध्व वैतरणा आमच्या जिल्ह्यात, पाणी मुंबईला. गोदेचं पाणी धरणांत आमच्याकडे अडतं आणि ते जायकवाडीला किती सोडायचं, हे 2005 च्या कायद्याने ठरतं. मराठवाड्याची तहान खरी आहे, त्याबद्दल वाद नाही. पण या वाटपाची वेळ आली की आमचे पुढारी दरवर्षी नव्याने दचकतात, तेवढं वीस वर्षांत थांबायला हरकत नव्हती. नोटा नाशिकरोडच्या प्रेसमध्ये छापल्या जातात. पुढे काय होतं, ते सगळ्यांना ठाऊक आहे.

कांद्याचं तर बोलायलाच नको. लासलगावच्या बाजारात भाव चढू लागला की दिल्लीत कोणाचा तरी पाय ब्रेकवर पडतो. ऑगस्ट 2023 मध्ये 40 टक्के निर्यात शुल्क लागलं, 8 डिसेंबरला तर निर्यातच बंद झाली आणि ती बंदी मे 2024 पर्यंत राहिली. ब्रेक दिल्लीने लावला, डोकं डब्यात बसलेल्या शेतकऱ्याचं आपटलं. यंत्रशास्त्रात हे आधीच लिहून ठेवलेलं होतं.

राजकारणातही हाच डबा. 2017 च्या महापालिका निवडणुकीत तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांनी नाशिक दत्तक घेत असल्याचं जाहीर केलं. दत्तक घेतलेल्या बाळाला हँडल कोण देतं? ते डब्यातच बसणार. मार्च 2022 पासून जवळपास चार वर्षं महापालिकेत नगरसेवकच नव्हते, प्रशासक होता. गाडी धावत होती, चालकाला आपण निवडलेलं नव्हतं. जानेवारी 2025 मध्ये जिल्ह्याच्या पालकमंत्र्याचं नाव जाहीर झालं आणि दुसऱ्याच दिवशी त्याला स्थगिती मिळाली. हँडलवर कोण बसणार यावर दोघांची झोंबाझोंबी चालली की डब्यातला माणूस काय करतो? दृश्य बघतो. नाशिककर दृश्य बघण्यात तरबेज आहे. त्याला हवापाणी उत्तम, मिसळ चमचमीत आणि द्राक्षं गोड मिळाली की तो डब्यातूनही खूश असतो. ही समाधानी वृत्तीच आपल्या मुळावर आली आहे.

म्हणून योजनेत एक कलम आम्ही मुद्दाम घातलं आहे. पहिली फेरी पर्यटकांसाठी नाही. सिंहस्थाची कामं मंजूर करणाऱ्या, तपासणाऱ्या नि उद्घाटन करणाऱ्या प्रत्येकाने, मंत्री असो की अभियंता, एकदा साइडकारच्या डब्यात बसून पंचवटी ते पांडवलेणी जावं. भर पावसात, गणवेशातल्या ताफ्याशिवाय, सायरनशिवाय. मोटारीच्या काचेतून रस्ता सपाट दिसतो. डब्याची बैठक जमिनीलगत असते, तिथून प्रत्येक खड्डा, प्रत्येक उघडं चेंबर आणि रामकुंडाकडे वळवलेलं प्रत्येक गटार ओळखीचं होतं. फेरी पूर्ण केल्याशिवाय बिलावर सही करू नये. खर्च आम्ही वर्गणी काढून करू.

आणि नाशिककरांनो, तुमच्यासाठीही एक विनंती. यापुढे दारात कोणी मत मागायला आलं, तर त्याला विकासाचा आराखडा विचारत बसू नका, आराखडे आपल्याकडे भरपूर आहेत. एवढंच विचारा : हँडल कोणाच्या हातात राहणार आणि ब्रेक कोणाच्या पायाखाली? उत्तर मुंबईचं किंवा दिल्लीचं नाव घेऊन आलं, तर दार लावून घ्या. वाळूचं पोतं म्हणून आपण पुष्कळ वर्षं काढली.